म्हैस, रेडकू आणि एक तारखेची लागण

बारामतीत भिगवण रस्त्याला खिळे, बिजागऱ्या आणि पाण्याच्या मोटारी विकणारं एक दुकान होतं. त्याच्या वरच्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास. "खाली हार्डवेअर, वर सॉफ्टवेअर," हा विनोद आमचे सर प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे. नवा माणूस हसला नाही तर त्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, असं धरलं जायचं. मी पहिल्या दिवशी हसले नाही. तरीही मी तिथं वर्षभर शिकले आणि मग तिथंच शिकवायला लागले. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. मी रोज सांगवीहून एसटीनं यायची, चपला दाराबाहेर काढायची आणि मखमली झालरीचं कापड पांघरलेल्या चार मशीनसमोर मुलांना बसवायची. मशीनला धूळ चालत नाही असं सर सांगत. खालच्या दुकानात दिवसभर पाइप कापले जायचे, त्या धुळीची गोष्ट वेगळी.

दर शनिवारी दुपारी क्लास सुटला की तिथं मंडळ भरायचं. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात जे कोणी प्रोग्रॅम लिहीत होते, ते आठ-नऊ जण त्या दिवशी जमायचे. कुणी दूध संघाचं काम करायचा, कुणी कारखान्याचं, कुणी शाळेच्या निकालपत्रकांचं. प्रत्येकाच्या खिशात फ्लॉपी. ज्याला जे जमलंय ते त्यानं इतरांना द्यायचं, असा मंडळाचा हेतू होता. इंटरनेट हा शब्द आम्ही एका इंग्रजी मासिकात वाचला होता आणि ते काही फार चालणार नाही, असं मंडळाचं एकमत झालं होतं.

देवाणघेवाण व्हायची, पण तिच्यात देवाण कमी. एक गृहस्थ आपला कोड अगदी उदार मनानं द्यायचे, फक्त मधली एक ओळ काढून. शेजारणीला मसाल्याची कृती सांगावी आणि दगडफूल तेवढं विसरावं, तसं. आपण घरी जाऊन तो चालवायचा, तो चालायचा नाही, मग पुढच्या शनिवारी विचारायचं, की ते म्हणायचे, "तुमचं मशीन हलकं असेल." दुसरे एक होते, ते कोड कधीच आणत नसत, मतं आणत. आज्ञा मोठ्या लिपीतल्या अक्षरांत लिहिली की मशीन लवकर ऐकतं, हे त्यांचं मत. बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ते मशीनशी वागायचे. यावर आमचे तीन शनिवार गेले. शेवटी मी घड्याळ लावून एकच प्रोग्रॅम दोन्ही अक्षरांत चालवून दाखवला. वेळ सारखाच लागला. ते म्हणाले, "तुम्ही घाबरत घाबरत टाइप केलंत, म्हणून."

युक्त्याही सांगितल्या जायच्या. जेवणाच्या डब्यात फ्लॉपी न्यायची असेल तर चपातीच्या वर ठेवावी, खाली ठेवू नये. प्रोग्रॅममध्ये समजुतीच्या टिपा लिहू नयेत, कारण टिपा वाचून दुसऱ्याला काम कळतं आणि आपली गरज संपते. सरांची सगळ्यात मोलाची युक्ती होती, "लाइट जायच्या आधी सेव्ह करत जा." लाइट कधी जाणार हे ओळखायची युक्ती मात्र त्यांनी स्वतःकडे राखून ठेवली होती.

या सगळ्याची एक जाड वही होती. ज्यानं युक्ती सांगितली त्याचं नाव युक्तीखाली लिहायचं, असा नियम. माझं अक्षर चांगलं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. त्यामुळे त्या वहीतलं सगळं शहाणपण माझ्या अक्षरात आणि दुसऱ्यांच्या नावावर होतं. मी स्वतः काही सांगितलं तर सर म्हणायचे, "हे आपण तोंडी लक्षात ठेवू."

मंडळात मी एकटीच बाई. शिवाय माझं आडनाव सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर थांबायचा, मग म्हणायचा, "हां हां, असू दे." मी काय असू द्यायला सांगितलं होतं, ते मला कधी कळलं नाही. आमची वस्ती, वस्तीतला विहार, माझे मास्तर वडील, आमची दोन एकर जमीन आणि एक म्हैस, यांतलं काही त्यांनी विचारलं नव्हतं. फक्त आडनाव विचारलं होतं.

इंदापूरचे एक भाऊ मात्र नेहमी नीट बोलायचे. तहसील कचेरीच्या समोर त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. त्यात त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला होता आणि अर्ज टाइप करता करता स्वतःच प्रोग्रॅम लिहायला शिकले होते. वयानं माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, पण मला ताई म्हणायचे. एका शनिवारी, दिवाळीला महिना-दीड महिना असताना, ते एक अडचण घेऊन आले.

"आमच्याकडच्या एका कारखान्याला तोडणीचा क्रम कंप्युटरवर पायजेल," ते म्हणाले. "साहेब म्हणतोय, दिवाळीच्या आत यादी काढून द्या. मला काय ते जमंना."

तोडणीचा क्रम म्हणजे सरळ गोष्ट. ज्याचा ऊस आधी लावला त्याचा आधी तोडायचा. प्रत्येक शेतकऱ्याच्या लागणीची तारीख कारखान्याच्या शेती खात्याकडे लिहिलेली असते. त्या तारखांप्रमाणे नावं ओळीनं लावायची, की तोडणाऱ्यांच्या टोळीनं कुठल्या शेतात कधी जायचं ते ठरतं. आजवर हे काम कारकून हातानं करायचे आणि त्यात ओळखीपाळखी चालायच्या. कॉम्प्युटरला कुणी पाहुणा नसतो, म्हणून त्याच्याकडं द्यायचं ठरलं होतं.

मंडळानं त्या दिवशी दोन तास मतं दिली. कोड कुणी दिला नाही. एकानं सांगितलं, हे काम पुण्याशिवाय होणार नाही. सरांनी सांगितलं, त्याला मोठं मशीन लागेल. मी घरी आले आणि अंगणात बसून शाळेच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहायला लागले.

आमच्या त्या भाषेत एक रीत होती. तात्पुरत्या आकड्यांना जी नावं द्यायची, ती इंग्रजी एम अक्षरानं सुरू करायची. एम म्हणजे मेमरी. मला दोन नावं हवी होती. एक पुढं चालणाऱ्या तारखेसाठी आणि एक तिच्या मागून येणाऱ्या तारखेसाठी. समोर गोठ्यात आमची म्हैस उभी होती आणि तिच्या मागं तिचं रेडकू. मी पुढच्या तारखेला नाव दिलं mhais आणि मागच्या तारखेला redku. एमची रीतही अर्धी सांभाळली गेली. कुणाला दाखवायचंय असं मनातही नव्हतं.

सोमवारी क्लासमध्ये लवकर जाऊन मी ते सगळं टाइप केलं. तपासायला आमच्या शेजारपाजारच्या दहा शेतकऱ्यांची नावं आणि लागणीच्या तारखा घातल्या. तारखा सगळ्या जुलैतल्या होत्या, कारण त्या हंगामात तोडायच्या आमच्याकडच्या आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाच्या, लागणी आदल्या वर्षी जुलैतच झाल्या होत्या. यादी अगदी बिनचूक आली. मी सगळ्यात वरच्या ओळीत माझं नाव, आडनाव आणि गाव लिहिलं, फ्लॉपीवर घेतलं आणि शनिवारी भाऊंच्या हातात दिलं.

"ताई, तुमी तर कमालच केली," ते म्हणाले आणि पाच वाजताच्या गाडीनं इंदापूरला गेले.

पुढं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. दिवाळी झाली, कारखान्यांची धुराडी पेटली, उसाच्या बैलगाड्यांनी रस्ते भरले. नोव्हेंबरच्या एका शनिवारी सर फार खुशीत आले. हातात फ्लॉपी होती आणि ती त्यांनी रुमालात गुंडाळून आणली होती.

"आज तुम्हाला खरं प्रोग्रॅमिंग दाखवतो," ते म्हणाले. "तोडणीचा क्रम. एका मोठ्या कारखान्यात चालू आहे. पुण्याच्या माणसाचं काम आहे. मोठ्या ओळखीनं मिळवलंय."

सगळे मशीनभोवती गोळा झाले. सरांनी कोड उघडला. वरची पहिली ओळ कोरी होती. त्याच्याखाली माझी म्हैस उभी होती आणि म्हशीच्या मागं रेडकू.

मला हसू आलं. सर पडद्यावर बोट ठेवून समजावत होते.

"हे बघा, नावं देण्याची पद्धत बघा. आपण देतो एक्स, वाय. हे लोक विचार करून देतात. एम म्हणजे मेमरी. पुढं एच-ए-आय-एस. हायेस. म्हणजे हायेस्ट. मेमरी हायेस्ट."

"आणि ते रेडकू?" मोठ्या अक्षरांच्या मतवाल्यांनी विचारलं.

सर थोडं अडखळले, पण थोडंच. "रेकॉर्ड एडिट की. शेवटचा यू युनिकचा असणार."

"सर," मी म्हणाले, "ती म्हैस आहे."

"काय?"

"एम-एच-ए-आय-एस. म्हैस. आणि दुसरं रेडकू. हा प्रोग्रॅम मी लिहिलाय. आमच्या गोठ्यासमोर बसून."

मग एकजण हसला आणि बाकीचेही हसले. सर हसले नाहीत. ते फार समजुतीनं म्हणाले, "असं वाटतं हो कधी कधी. चांगलं काही पाहिलं की आपल्यालाही सुचलं होतं असं वाटतं." मग माझ्यापुढं वही सरकवली. "लिहून घ्या. नावं अर्थपूर्ण द्यावीत. खाली माझं नाव लिहा."

मी लिहून घेतलं. आज वाटतं, वही तिथंच ठेवून खाली उतरायला हवं होतं. पण मला तिथला पगार हवा होता आणि तिथलं मशीनही हवं होतं. मी चांगल्या अक्षरात लिहिलं.

त्या दिवशी भाऊ आले नव्हते. पुढच्या शनिवारी ते आल्या आल्या मी त्यांना जिन्यात गाठलं. "माझ्या नावाची ओळ कुठं गेली?"

त्यांनी मान खाली घातली. "मीच काढली, ताई."

"का?"

"साहेबाला दाखवायचा हुता. वर बाईमाणसाचं नाव, त्यात तुमचं आडनाव. त्यानं मशीनमदी घातलाच नसता. तुमचं काम वाया जाऊ नये म्हणून काढली बघा."

"म्हणजे काम वाया गेलं नाही. मी गेले."

वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर त्यानं तिथं स्वतःचं नाव लिहिलं असतं. त्यानं ओळ कोरी ठेवली आणि मग ज्याला जसं जमेल तसं त्या कोऱ्या ओळीत कुणी पुणं लिहिलं, कुणी स्वतःला लिहिलं. माझी म्हैस त्या हिवाळ्यात बारामती-इंदापूर पट्ट्यात किती गोठ्यांत बांधली गेली, कोण जाणे. एका दूध संस्थेत ती गवळ्यांची नावं लावत होती, एका शाळेत मुलांच्या जन्मतारखा. नाव बदलायचं धाडस मात्र कुणी केलं नाही. मेमरी हायेस्ट काढलं तर प्रोग्रॅम बंद पडेल, अशी सगळ्यांना भीती होती.

जानेवारी संपता संपता एका रविवारी सकाळी आमच्या घरी एक तात्या आले. आमच्या शेजारच्याच शिवारात त्यांची जमीन होती, पण त्यांचा दुसरा ऊस सासुरवाडीकडं इंदापूर तालुक्यात होता. तो त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं शेजारी शेजारी लावला होता. माझे वडील ओट्यावर मुलांच्या वह्या तपासत बसले होते.

"गुरुजी," तात्या म्हणाले, "तुमची पोरगी कंप्युटरात हाय न्हवं?"

"आहे की. का?"

"तिला एक इचारायचंय. लागण एक तारखंला करावी का दोन तारखंला?"

मी आतून बाहेर आले. "तात्या, ते कृषी सहायकाला विचारा. मला काय कळतं लागणीतलं?"

"लागणीतलं न्हवं, पोरी. कंप्युटरातलं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी ऊस लावला दीड वर्सामागं, जुलैच्या एकतीस तारखंला. माज्या भावानं लावला दोन दिसांनी, दोन आगष्टला. त्येचा ऊस तुटून महिना झाला. माजा हुबाच. तुरा यायला लागला, वजन घटाया लागलं. कारखान्यात गेलो तर साहेब म्हणतोय, कंप्युटरचा क्रम हाय, त्यो चुकत न्हाय. मग लोकांनीच शोध लावला. ज्येची तारीख बारकी, त्येची टोळी आधी. म्हैना कुठलाबी आसू दे. आता तिकडं समद्यांनी, म्होरल्या हंगामासाठी आता लावायच्या सुरू उसाची लागण एक फेब्रुवारीचीच लिवलीया. फेब्रुवारी अजून उगवायचाय, पण लिवलीया. मी काय करू?"

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. छापील यादी होती, कडेला भोकं असलेल्या लांब कागदाची. मी ती उघडली. पहिलं नाव, लागण एक जुलै. दुसरं, एक ऑगस्ट. तिसरं, दोन जुलै. चौथं, दोन ऑगस्ट. मला पुढचं वाचायची गरज पडली नाही.

मी तारखा अक्षरं म्हणून लावल्या होत्या. शब्दकोशात शब्द लावतात तशा, डावीकडून. आधी दिवस बघायचा, मग महिना. दोन ऑगस्टचा दोन हा एकतीस जुलैच्या एकतीसपेक्षा लहान, म्हणून दोन ऑगस्ट पुढं. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, अशा उलट्या क्रमानं तारीख देणारी आज्ञा त्या भाषेत होती. ती वेगळी होती एका अक्षरानं. मी दुसरी वापरली होती. आणि तपासताना दहाच्या दहा तारखा जुलैतल्या घेतल्या होत्या, त्यामुळे चूक दिसायचं काही कारणच नव्हतं. पुढं जुलै-ऑगस्टच्या सरमिसळीत साहेबाला काही दिसलं नाही, सरांना दिसलं नाही, मंडळातल्या कुणालाही दिसलं नाही. तो प्रोग्रॅम फक्त शेतकऱ्यांनी वाचला होता, कोड न बघता.

तात्यांना मी सांगितलं, "तात्या, चूक आहे. आणि ती माझी आहे."

"तुजी? मग समदी तर म्हणत्यात, यादी पुण्याच्या माणसानं केलीया."

तात्या गेल्यावर मी ओट्यावरच बसून राहिले. दोन-अडीच महिने मला एकच गोष्ट हवी होती, हा कोड माझा आहे हे लोकांनी मान्य करावं. आता गप्प बसले असते तर चूक पुण्याची ठरली असती. वडिलांनी लाल शाईचं पेन बंद केलं.

"सांग की जाऊन," ते म्हणाले.

"सगळे हसतील."

"न सांगता तरी तुझ्यासाठी कोण रडतंय?"

पुढच्या शनिवारी मी मंडळात उभी राहिले. तात्यांची यादी टेबलावर पसरली आणि चूक समजावून सांगितली. शेवटी म्हणाले, "ज्यांनी ज्यांनी हे घेतलंय त्यांनी एक अक्षर बदलायचं आहे. ही चूक माझी आहे."

मला वाटलं होतं, पुन्हा म्हणतील की तू लिहिलंच नाहीस. या वेळी एकालाही शंका आली नाही.

"तरीच," मोठ्या अक्षरांचे मतवाले म्हणाले. "म्हैस काय, रेडकू काय. असली नावं पुण्याचा माणूस देईल का?"

"मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो," सर म्हणाले, "हे पुण्याचं वाटत नाही."

एक ओळ काढून देणाऱ्या गृहस्थांनी मान हलवली. "बाईंनी नाव आधी सांगायला हवं होतं. आम्ही विश्वासानं घेतलं ना."

कोडचं श्रेय मिळवायला मला इतके महिने पुरले नव्हते. चुकीचं श्रेय पाच मिनिटांत मिळालं, तेही आडनावासकट. वहीत त्या दिवशी एक नोंद झाली. दुसऱ्याचा कोड तपासल्याशिवाय वापरू नये. खाली सरांचं नाव. ती नोंद मात्र मी लिहिली नाही. पेन टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, आता दुसरं कुणीतरी लिहा. सरांनी स्वतः लिहिलं. त्यांचं अक्षर फार वाईट होतं.

भाऊ तेवढे खाली उतरताना माझ्यासोबत आले. "सोमवारी कारखान्यात जाऊ," ते म्हणाले. "मी संगं येतो. आणि ताई, ह्या बारीला मी सांगतो साहेबाला कुणी लिवलाय त्ये."

"आता सांगायची फार घाई झाली तुम्हाला," मी म्हणाले. ते ओशाळले. पण सोमवारी इंदापूरच्या स्टँडवर ते वेळेच्या आधी उभे होते.

कारखान्याच्या कॉम्प्युटर खात्याचे साहेब एका काचेच्या खोलीत बसायचे. खोलीत थंडगार वारा, दाराशी चपलांचा ढीग. भाऊ म्हणाले, "साहेब, तोडणीच्या प्रोग्रॅमविषयी आलोय."

"तो आमच्या खात्यानं तयार केलाय," साहेब म्हणाले. "काही माहिती हवी असेल तर अर्ज करा."

"त्यात चूक आहे," मी म्हणाले.

"मग तो बाहेरून आणलेला आहे," साहेब म्हणाले. एका श्वासाइतकाही वेळ मध्ये गेला नाही. "कुणी लिहिलाय?"

"मी."

"वाटलंच."

मी त्यांना मशीनवर अक्षर बदलून दाखवलं. आडसाली उसाची यादी पुन्हा काढली आणि ती बरोबर आली, पण तोवर निम्म्याहून अधिक तोडणी उरकली होती. साहेब म्हणाले, हंगामाच्या मध्यात क्रम बदलला तर लोक दंगा करतील, पुढच्या हंगामापासून बघू. आम्ही निराश होऊन बाहेर आलो, तर भाऊंच्या ओळखीचे शेती खात्यातले एक आबा व्हरांड्यात चहा पीत उभे होते. तीस वर्षं बांधावरून फिरून लागणीची नोंद करणारा माणूस. त्यांनी आम्हाला आत नेलं आणि सुरू उसाच्या लागणीची नोंदवही उघडली.

पानामागून पान, एक फेब्रुवारी. सगळ्या गावांचं, सगळ्या शेतकऱ्यांचं. ज्यांच्याकडं लावायला बेणं नव्हतं त्यांचंही, ज्यांच्या रानात अजून गहू उभा होता त्यांचंही.

"तुज्या त्या परोग्रामात चूक हुती न्हवं?" आबा म्हणाले.

"हो. आज दुरुस्त केली."

"आता दुरुस्त करून काय उपेग, पोरी? आता परोग्राम बरोबर झाला आन माणसं चुकीची झाली."

खरंच होतं. सगळ्यांची तारीख एकच, तर कुठलाही प्रोग्रॅम काय क्रम लावणार? मी तिथंच बाकावर बसले. मला रडू येईल असं वाटलं, पण आबांकडं बघितलं तर ते मिशीत हसत होते आणि मग मलाच हसू आलं. मी त्यांना तात्यांच्या उभ्या उसाचं सांगितलं. त्यांनी पंचाएवढा मोठा रुमाल झटकून खांद्यावर टाकला, सायकल काढली आणि म्हणाले, "कुठं हाय त्यो ऊस? जाऊन बघतो की." त्या आठवड्यात तात्यांच्या शेतात टोळी आली. साहेबांच्या यादीत त्यांचा नंबर तेव्हाही शेवटीच होता.

सुरू उसाचं ते सगळं आबांनी आणि त्यांच्या दोन कारकुनांनी पायी फिरून निस्तरलं. प्रत्येक फड डोळ्यांनी बघितला आणि उगवणीच्या मापानं खरी तारीख ठरवली. साहेबांनी त्याला नाव दिलं, प्रत्यक्ष पडताळणी प्रणाली, आणि मंडळाला भेट देऊन त्याच्यावर तासभर बोलले, असं मला नंतर कळलं. मी तेव्हा मंडळात नव्हते. मार्चमध्ये मी क्लास सोडला होता.

सोडायचं कारण साहेबच. सांगवीच्या एका बाईनं आमचा तोडणीचा कार्यक्रम बिघडवला, ही गोष्ट ते जाईल तिथं सांगायचे. मीटिंगांत सांगायचे, लग्नांत सांगायचे. माझं नाव, आडनाव आणि गाव मी कोडच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं, तेव्हा कुणी वाचलं नव्हतं. साहेबांच्या तोंडून ते दोन तालुक्यांत गेलं. इंदापूरकडच्या एका दूध संस्थेत तीच म्हैस गवळ्यांची नावं लावत होती आणि तिथं काही केल्या याद्या जुळत नव्हत्या. तिथल्या चेअरमनना साहेबांची गोष्ट कळली. त्यांनी भाऊंकडं निरोप धाडला.

मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी आडनावापाशी थांबा घेतला नाही. सरळ विचारलं, "ती चूक करणाऱ्या बाई तुमीच का?"

"हो."

"मग बरं झालं. आमाला चुकीचा मालक सापडंना झालाय. ज्येला इचारावं त्यो म्हणतोय, मी न्हाय केला, मी निस्ता आणला. तुमी कधीपास्नं येता?"

मी पुढच्या सोमवारपासून गेले. पहिला आठवडा मशीन उघडलंच नाही. पहाटे संकलन केंद्रावर जाऊन उभी राहायची आणि कोण किती वाजता येतं, कुणाचं नाव कुणासारखं आहे, कुणाच्या घरात एकाच नावाचे आजा-नातू दोघं आहेत, ते लिहून घ्यायची. तिथले कारकून आपसात म्हणायचे, कंप्युटरवाली बाई कंप्युटरला भिते.

पुढच्या वर्षी त्या कारखान्यानं नियम केला, की एक तारखेची लागण नोंदवून घेतली जाणार नाही. प्रोग्रॅम तोवर बरोबर झालेला होता, कुठल्याही तारखेला काही फायदा नव्हता. पण ते कुणी शेतकऱ्यांना सांगितलं नाही. आबा इंदापूरच्या बाजारात भेटले तेव्हा मी विचारलं, "काय आबा, एक तारीख बंद झाली का?"

"पार बंद," ते म्हणाले. "औंदा समद्या तालुक्यानं दोन तारखंला ऊस लावलाय."